पंखाची शिवण

बिजासनच्या टेकडीखाली अप्पासाहेबांच्या क्लबाचं विमान होतं आणि त्या विमानाचे पंख भानुमती शिवायची, हे इंदूरच्या मल्हारगंजात कुणाला सांगून पटत नसे. "विमान म्हणजे काय झबलं आहे होय, शिवायला?" असं म्हणून शेजारणी हसायच्या. विमान सगळं पत्र्याचं असतं अशी त्यांची समजूत. भानुमतीचीही आधी तीच होती.

संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झाल्याला दोनेक वर्षं झाली होती. होळकरांची फौज नव्या व्यवस्थेत विरघळली आणि तिचा नवरा जयसिंगराव, तिथले हवालदार, पन्नाशीच्या आतच घरी येऊन बसले. रोज सकाळी बूट चमकवायचे, पायांत घालायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. घर भानुमतीच्या शिवणयंत्रावर चालू लागलं. यंत्राची खडखड सुरू झाली की जयसिंगराव उठून बडा गणपतीच्या देवळाकडे चालू लागत. तो आवाज त्यांना सोसत नसे.

अप्पासाहेब जुन्या सरदार घराण्यातले. संस्थान गेलं, मान गेला, पण हौस गेली नव्हती. त्यांनी कुठूनसं एक जुनं शिकाऊ विमान आणलं, वर दोन पंख, खाली दोन पंख असं, आणि चांगल्या घरच्या मुलांना उडायला शिकवणारा क्लब काढला. क्लबाचा म्हातारा दर्जी फाळणीत कराचीला गेलेल्या मुलामागे निघून गेला, तेव्हा त्यांनी जयसिंगरावांना बोलावलं.

"तुमच्या घरची शिवण चांगली आहे म्हणतात. पाठवा बाईंना. काम हँगरच्या, विमानाच्या शेडच्या आत आहे. बाहेरचं कुणी येत नाही."

जयसिंगरावांना नाही म्हणवेना. पहिले काही दिवस ते स्वतः तिच्यासोबत टांग्यातून आले आणि तिचं काम होईपर्यंत बाहेर लिंबाखाली उभे राहिले.

आत लक्ष्मीकांत होता. बंगलोरला शिकून आलेला, तिशीतला, क्लबाचा इंजिनियर. त्यानं एक पंख दोन घोडक्यांवर आडवा ठेवला होता, कापड उतरवलेला. भानुमतीनं पाहिलं तर आत नुसता सांगाडा. लाकडाचे दोन लांब दांडे आणि त्यांच्यावर ओळीनं बसवलेल्या, कागदासारख्या हलक्या बरगड्या. बरगडी पुढून जाड नि गोल, पाठीवर फुगीर आणि मागे निमुळती होत सुरीच्या पात्यासारखी पातळ.

"यावर खोळ चढवायची," लक्ष्मीकांत म्हणाला. "मग वरून खालपर्यंत सुई आरपार घालून कापड प्रत्येक बरगडीला बांधायचं. मेणाचा धागा, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. एक सुटली तरी दुसरी सुटता कामा नये. वरून डोप लावतो आम्ही, म्हणजे एक वार्निश. ते सुकलं की कापड तबल्यासारखं ताणतं."

भानुमतीनं विचारलं, "इतकं ताणतं तर टाके कशाला? हवा खालूनच ढकलणार ना? मग कापड आपोआप दाबून बसेल."

लक्ष्मीकांतला प्रश्न आवडला. "सगळ्यांना असंच वाटतं. पंख जरा तिरपा असतो, तो हवा खाली लोटतो आणि आपण वर जातो, हे खरं. पण जास्त काम होतं ते पाठीवर. तिथून हवा वेगानं पळते, वरचा दाब कमी होतो आणि पंख वर खेचला जातो. सगळ्यात आधी खेचलं जातं ते वरचं कापड. ते बरगड्यांना बांधलं नसेल तर कापड वर जाईल आणि विमान राहील खाली!"

भानुमतीनं बरगडीच्या फुगीर पाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आमच्या हातोदला एकदा मोठं वादळ आलं होतं. मंडीच्या छपराचे पत्रे गेले. मी लहान होते. मला नवल वाटायचं, एवढा वारा वरून जातो आणि पत्रे खाली दबायचे सोडून वर कसे उडाले?"

"एकदम बरोबर! मतलब तेच हे."

त्या दिवसापासून तिला ते काम शिवणकाम वाटेनासं झालं. झंपर शिवताना टाका कच्चा राहिला तर बाई ओरडते. इथं प्रत्येक गाठ आभाळाच्या ओढीला धरून असायची. ती टाका घालायची, नखानं ओढून बघायची, मनाला आला नाही तर कापून पुन्हा घालायची. लक्ष्मीकांत मागाहून प्रत्येक गाठ तपासायचा. त्याला तिथं कधी बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

दुपारी डोपचा उग्र वास डोक्यात चढला की ती दारात येऊन बसायची. टेकडीवर घारी फिरत असायच्या. पंख न हलवता तासन् तास. उन्हानं तापलेल्या खडकावरची हवा वर चढते आणि तिच्यावर घार तरंगते, हे तिला लक्ष्मीकांतनंच सांगितलं. गिधाडाचे पंख रुंद, टोकाला बोटांसारखी पिसं फाकलेली, कारण त्याला सावकाश घिरट्या घालायच्या असतात. पाकोळीचे पंख अरुंद आणि कोयत्यासारखे वाकडे, कारण तिला नुसतं धावायचं. "आणि वटवाघूळ?" तिनं विचारलं, तेव्हा तो हसला. "वटवाघूळ म्हणजे तुमचंच काम. बोटांच्या काड्यांवर ताणलेली कातडी."

एका रविवारी घरी कोंबडी कापली होती. साफ करताना भानुमतीनं पंख पसरून धरला आणि बघतच राहिली. तोच आकार. पुढून जाड, पाठीवर फुगीर, मागे पातळ. आणि पुढच्या कडेला, अंगठा असावा तिथं, दोन-तीन पिसांचा एक छोटा झुपका, वेगळा उचलता येणारा. दुसऱ्या दिवशी तिनं तो पंख कागदात गुंडाळून हँगरात नेला.

लक्ष्मीकांतनं कागद उघडला आणि दोन पावलं मागे सरला. "अहो बाई! हे काय आणलंत? बाजूला ठेवा, माझा डबा आहे तिथं!"

"हात नका लावू. मी धरते, तुम्ही नुसतं बघा. हे अंगठ्यावरचं पीस कशाला?"

त्यानं नाकाला रुमाल लावला आणि वाकून पाहिलं. मग रुमाल खाली आला. तो तिला विमानाच्या वरच्या पंखापाशी घेऊन गेला. पुढच्या कडेला एक अरुंद पट्टी बसवलेली होती. ती त्यानं बोटानं पुढे ओढली, तशी पट्टी आणि पंख यांच्यामध्ये फट पडली.

"पाखरू उतरताना वेग कमी करतं आणि पंख उभा धरतं. फार उभा धरला की पाठीवरची हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते. ती सुटू नये म्हणून पाखरू अंगठा उचलतं. त्या फटीतून हवा आत येते आणि पाठीला चिकटून राहते. ही पट्टी तेच करते. पण पट्टी थोडाच वेळ सांभाळते. त्यापुढेही नाक वर ओढलंत तर काही उपयोग नाही." त्यानं तळहात आडवा धरला आणि हळूहळू उभा केला. "हवा धरून आहे तोवर पंख. सुटली की नुसती फळी."

ही गोष्ट क्लबातल्या प्रत्येक मुलाला शिकवलेली असे. शरदलाही.

शरद हा अप्पासाहेबांचा पुतण्या. विशीतला, देखणा, बोलका. इतर मुलं भानुमतीकडे बघतही नसत. हा येताना बाहेरूनच हाक मारायचा, "काकी, माझे पंख झाले का?" तिच्या हातचा ठेचा मागून खायचा. एकदा त्यानं विचारलं, "काकी, तुम्ही वर गेलात का कधी?"

"मी कशी जाणार?"

"हे तर अजबच! पंख तुम्ही शिवायचे आणि फिरायचं आम्ही? माझं लायसन येऊ द्या. पहिली चक्कर तुमची. पक्का वादा."

त्याच्या बोलण्यानं तिला धीर आला आणि तिनं एकदा अप्पासाहेबांनाच विचारून टाकलं. ते मोठ्यानं हसले. "बाई, तो काय टांगा आहे, बायकापोरांना बसवून फिरवायला?" पण उन्हाळ्यात राजधानी ग्वाल्हेरहून इंदुरात आली, की बड्या अंमलदारांच्या घरच्या बायका क्लबावर यायच्या, चष्मे लावून विमानात बसायच्या आणि टेकडीवरून एकेक चक्कर मारून उतरायच्या. भानुमती हँगरच्या दारातून बघत राहायची. त्या बायका तिच्या टाक्यांवर बसून फिरत होत्या आणि त्यांच्यासाठी सरबत करायला अप्पासाहेब तिलाच सांगत.

शरदचं लायसन हिवाळ्यात यायचं होतं. त्याआधीच अपघात झाला.

सकाळची वेळ होती. अप्पासाहेबांचे पाहुणे आले होते, खुर्च्या मांडल्या होत्या. शरद एकटाच विमान घेऊन वर गेला. टेकडीला वळसा घालून तो खाली आला, खुर्च्यांवरून अगदी हाताला लागेल असा गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं पुन्हा वळून तसंच केलं आणि या वेळी खुर्च्या ओलांडताच विमानाचं नाक सरळ आभाळाकडे उचललं.

भानुमती दारात उभी होती. इंजिनाचा आवाज जड झाला. विमान वर चढता चढता हवेत थांबल्यासारखं झालं. तिच्या मागे लक्ष्मीकांत पुटपुटला, "खाली कर. नाक खाली कर, अरे." एक पंख झुकला, विमान त्या अंगाला वळलं आणि गिरकी घेत समोरच्या हरभऱ्यात पडलं.

सगळे धावले. तीही धावली. शरदला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. डोळे उघडे होते. अप्पासाहेब मातीत बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला हाका मारत होते. भानुमतीला रडूही आलं नाही. तिचे पाय तिला पंखाकडे घेऊन गेले. खालचा पंख चिरडला होता, वरच्याचा दांडा मोडला होता, पण मोडल्या बरगड्यांवरसुद्धा कापड बसून होतं. तिनं त्याच्यावरून हात फिरवला. गाठी ओळीनं होत्या तशा होत्या. मान वर केली तर पलीकडे लक्ष्मीकांत उभा होता. त्यानंही हात फिरवून पाहिलं होतं.

"धड आहे," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "नाक वर ओढलं त्यानं."

एवढं त्या दोघांत बोलणं झालं. त्या दिवशी भानुमती घरी जाऊन पोटभर रडली, ती शरदसाठी. स्वतःसाठी रडायचं काही कारण आहे, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

आठवड्याभरात दिल्लीहून चौकशीला एक साहेब आले. अप्पासाहेबांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. भानुमतीला बोलावलं तेव्हा तिथं लक्ष्मीकांत होता, आणि दाराशी जयसिंगराव उभे होते. ते तिथं कसे, हे तिला कळेना. तोवर मोडकं विमान हँगरात आणून पंखांचं कापड उतरवून जाळलंही होतं.

अप्पासाहेब शांतपणे बोलले. "बाई, वरच्या पंखाचं कापड हवेतच फाटलं. लक्ष्मीकांतांनी पाहिलंय. क्लबाचा मेणाचा धागा तुम्ही घरी नेत होता आणि इथं बाजारचा सुती धागा वापरत होता. वरून मेण चोळलं की ओळखू येत नाही."

तिला आधी अर्थच लागला नाही. मग ती लक्ष्मीकांतकडे वळली. "साहेब, तुम्ही हात फिरवून पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, नाक ओढलं."

लक्ष्मीकांत खिडकीतून बाहेर बघत होता. "तेव्हा घाईत नीटसं दिसलं नाही."

"मी एक तसू धागा चोरला नाही!"

दिल्लीचे साहेब हिंदीत म्हणाले, "घर में वो धागा मिला है क्या?"

दाराशी उभे जयसिंगराव खाकरले. "होता साहेब. माझी चप्पल तिनं त्याच धाग्यानं शिवली होती. बाईमाणूस आहे. चूक झाली असेल तिच्या हातून."

तो कापून टाकलेला तुकडा होता. केरात जाणारा. लक्ष्मीकांतनंच "न्या" म्हटलं होतं. हे सगळं तिनं सांगितलं, पण सांगता सांगता तिलाच कळत गेलं की खोलीत कुणी ऐकत नाहीये. विमानाची चूक नव्हती, कापडाची चूक नव्हती, तर राहत होता तो एक मेलेला मुलगा. त्याला कोण दोष देणार होतं?

बाहेर पडताना लक्ष्मीकांत जिन्यात तिला गाठून म्हणाला, "बाई, मनाला लावून घेऊ नका. त्या घरावर किती मोठा घाव पडलाय, बघताय ना. तुमच्या हातात कला आहे, तुम्ही कुठेही शिवाल. माझं आणि क्लबाचं मात्र सगळं या चौकशीच्या एका कागदावर आहे."

"मी चोर ठरले, साहेब."

"लोक विसरतात."

घरी आल्यावर तिनं जयसिंगरावांना विचारलं, "का बोललात असं?"

ते बूट काढत होते. "तू कबूल करणार नव्हतीस. कुणीतरी करायला पाहिजे होतं. अप्पासाहेब म्हणाले, हँगरला चौकीदार हवा आहे. फौजेतला."

पुढच्या महिन्यापासून जयसिंगराव ताठ मानेनं कामावर जाऊ लागले. शिवणयंत्राच्या आवाजाचंही त्यांना काही वाटेनासं झालं. भानुमती रोज सकाळी उठून त्यांचा डबा भरायची आणि तो डबा त्याच हँगरात जायचा.

लोक काही विसरले नाहीत. विमान पडायचं कारण म्हणून ती मल्हारगंजात ओळखली जाऊ लागली. शेजारणींना आता विमान शिवतात हे पटलं होतं. कापड शिवायला टाकताना काही बायका उरलेला तुकडा मागून घेऊ लागल्या. मुलगी कमल लग्नाची झाली. देवासचं एक चांगलं स्थळ ठरत आलं आणि "बाईच्या हाताची भानगड ऐकली" असा निरोप येऊन मोडलं. शेवटी हातोदचा एक बिजवर मिळाला, मंडीत मुनिमी करणारा. कमलनं निमूट होकार दिला. भानुमतीला वाटलं, पोरीनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

लग्नाची पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीला ठेवायला दोघी मायलेकी गेल्या. चतुर्थीची गर्दी होती. दर्शन घेऊन बाहेर येताना पायऱ्यांपाशी सुहासिनीबाई समोर आल्या. शरदची आई. केस पार पांढरे झाले होते. भानुमतीला बाजूला व्हायला जागा नव्हती. आणि तिला बाजूला व्हायचंही नव्हतं. इतकी वर्षं जिभेवर असलेलं बाहेर पडलं.

"बाईसाहेब, तुमच्या मुलाचा जीव माझ्या टाक्यांनी गेला नाही. त्यानं नाक वर ओढलं. पाहुण्यांना दाखवायला. पंखावरची हवा सुटली आणि तो पडला. कापड धड होतं. मी हात लावून पाहिलंय."

आपण दुष्टपणानं बोलतोय हे तिला कळत होतं. समोरची बाई कोसळेल, ओरडेल, थोबाडीत मारेल, असं तिला वाटलं. तसं काही झालं नाही.

"मला माहीत आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "लक्ष्मीकांतनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं आम्हाला. भावजींना, मला."

"मग?"

"शरदच्या वडिलांना नाही सांगितलं. त्यांना कळलं असतं की पोरानं स्वतःच्या हातानं केलं, तर ते जगले नसते. अजून रोज जेवायला बसले की तुझ्या नावानं चार शिव्या घालतात. मग दोन घास जातात त्यांना."

"आणि मी, बाईसाहेब?"

सुहासिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कमलकडे. हातातल्या पूजेच्या पिशवीतून त्यांनी एक नवा खण काढला, बहुधा देवीसाठी आणलेला, आणि कमलच्या हातात ठेवला. "लग्न ठरलं ना हिचं? सुखाची राहा, बाळ."

भानुमतीनं तो खण कमलच्या हातातून काढून घेतला आणि परत त्यांच्या पिशवीवर ठेवला.

टांग्यात कमल हुंदके देत होती. "आई, देवाच्या दारात असं करतात का गं? त्यांचा मुलगा गेलाय." खरं कुणाला ठाऊक नाही, म्हणून आपल्या वाट्याला हे आलं, अशी भानुमती इतके दिवस स्वतःची समजूत घालत आली होती. कधीतरी कळेल, कुणीतरी येईल, निदान मान खाली घालेल. आता ते संपलं. सगळ्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. त्यांनी बसून विचार केला होता आणि तिचं नाव सगळ्यात स्वस्त पडलं होतं.

कमल हातोदला गेली. मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश झाला, त्याच सुमाराला लक्ष्मीकांतला कानपूरला मोठी नोकरी लागली. निघताना तो निरोप घ्यायला मल्हारगंजात आला होता म्हणे. भानुमती आत होती, बाहेर आली नाही. क्लबानं नवं विमान आणलं, त्याचे पंख धातूचे होते. जयसिंगरावांनी ते घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं. "आता शिवायची भानगडच नाही. ठोकलेले पंख. पक्कं काम."

"वरचा पत्राही रिवेटांनी धरलेलाच असेल," ती म्हणाली. "ओढ तीच."

"तुला काय कळतंय त्यातलं," जयसिंगराव म्हणाले आणि त्यांनी हातातली गुंडाळी तिच्यापुढे ठेवली. चौकीदाराच्या नव्या कोटासाठी क्लबानं खाकी कापड दिलं होतं. "हे तेवढं शिवून टाक. दिवाळीच्या आत."

भानुमतीनं कापड उचललं, उलगडून पाहिलं. चांगलं, भरीव होतं. घडी मोडली होती तशीच पुन्हा घातली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"बाजारात द्या," ती म्हणाली. "माझ्या धाग्याचा भरवसा नाही."

जयसिंगरावांनी तो कोट सराफ्याजवळच्या दर्ज्याकडून शिवून घेतला. खांद्यात घट्ट झाला होता. हात वर केला की काखेत ओढ यायची आणि दोन महिन्यांत तिथली शिवण उसवली. त्यांनी तो तसाच वापरला. तिला शिवायला सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.